पाच गुणांचे अंतर : ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’विषयी वाचकांचे प्रश्न

ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ या सांघिक प्रश्नमंजूषेचा २०२५ सालचा अंतिम सामना केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजने वॉरिक विद्यापीठाविरुद्ध १७५–१७० असा जिंकला. त्या सामन्याविषयी आणि एकूणच या स्पर्धेच्या नियमांविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत. ज्यांनी हा कार्यक्रम पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी खेळाची रीत थोडक्यात सांगतो. प्रत्येक संघात चार विद्यार्थी असतात. सूत्रसंचालक आधी ‘स्टार्टर’ विचारतो. त्याचे उत्तर बझर दाबणाऱ्याने एकट्याने, कोणाशीही न बोलता द्यायचे असते आणि त्याला १० गुण मिळतात. उत्तर बरोबर आले, तर त्या संघाला एकाच विषयावरचे तीन ‘बोनस’ प्रश्न मिळतात. प्रत्येकी ५ गुणांच्या या प्रश्नांवर चौघांना आपसांत चर्चा करता येते. स्टार्टर पूर्ण वाचून होण्याआधीच बझर दाबला आणि उत्तर चुकले, तर ५ गुण कापले जातात.

प्रश्न : अंतिम सामना पाहिल्यापासून आमच्या घरात वाद चालू आहे. माझ्या मुलाचे म्हणणे असे की पाच गुणांचा विजय हे निव्वळ नशीब असते. वेळ संपल्याची घंटा अर्ध्या मिनिटाने उशिरा झाली असती तर निकाल उलटा लागला असता. मला हे काही पटत नाही. तुम्हाला काय वाटते?

उत्तर : घंटेपुरते तुमच्या मुलाचे म्हणणे खरे आहे. या कार्यक्रमात घंटा वाजली की खेळ तत्क्षणी संपतो. सूत्रसंचालक वाक्याच्या मध्यावर असो किंवा स्पर्धकाच्या ओठावर उत्तर आलेले असो, त्याला मुभा नसते. त्यामुळे शेवटच्या मिनिटाला कोणत्या विषयाचा प्रश्न वाट्याला आला आणि तो कुठे तुटला यात दैवाचा भाग असतोच. परंतु तो भाग पहिल्या मिनिटालाही तितकाच असतो. फक्त तेव्हा तो आपल्या नजरेत भरत नाही.

आता गुणांच्या हिशेबाकडे वळू. या खेळात सगळे गुण पाचच्या पटीत असतात, म्हणून ५ हे विजयाचे शक्य तितके लहान अंतर आहे. एवढ्याच फरकाने निकाल लागलेला आणखी एक अंतिम सामना २००६ सालचा. त्यात मँचेस्टर विद्यापीठाने केंब्रिजच्या ट्रिनिटी हॉलला १६०–१५५ असे हरवले होते. (ट्रिनिटी हॉल आणि ट्रिनिटी कॉलेज या दोन वेगळ्या संस्था आहेत, वर्तमानपत्रांतही त्यांची गल्लत होते.) अशा सामन्यांची एक गंमत सहसा लक्षात येत नाही. स्टार्टर १० गुणांचा असतो, त्यामुळे केवळ स्टार्टरच्या बळावर दोन संघांत ५ गुणांचा फरक पडूच शकत नाही. दोन्ही संघांचे मिळून बरोबर आलेले बोनस आणि बसलेले दंड यांची एकूण संख्या विषम असेल, तरच गुणफलकावर पाचाचे अंतर दिसते. ज्या अर्थी निकाल पाचाने लागला, त्या अर्थी कुठला तरी एक बोनस किंवा एक दंड कमी-जास्त झाला असता तर बरोबरी झाली असती किंवा अंतर दहावर गेले असते.

एक काल्पनिक सामना मांडून पाहा. पहिल्या संघाने नऊ स्टार्टर जिंकले, म्हणजे ९० गुण झाले. त्याला सत्तावीस बोनस प्रश्न मिळाले, त्यांपैकी चौदा बरोबर आले, म्हणजे आणखी ७०. दोनदा घाई नडली आणि १० गुण गेले. एकूण १५०. दुसऱ्या संघाने आठच स्टार्टर जिंकले, ८० गुण. चोवीस बोनसपैकी पंधरा बरोबर, ७५ गुण. दंड एकही नाही. एकूण १५५. प्रेक्षकाला सामनाभर पहिला संघच सरस वाटतो, कारण बझरचा आवाज आणि पाठोपाठ घोषित होणारे आडनाव हेच मनावर ठसते. पण सामना दुसऱ्याने जिंकलेला असतो, आणि माझ्या मते रास्तपणे जिंकलेला असतो. चौघांनी मिळून विचार करण्याची परीक्षा बोनसमध्येच होते. चुरशीच्या सामन्याचा निकाल बझरवर लागतो ही समजूत पुष्कळांची आहे. वही घेऊन बसा आणि बोनसचे बरोबर-चूक मांडत जा, निकाल बहुधा त्या रकान्यात सापडेल.

प्रश्न : मी महाविद्यालयाच्या प्रश्नमंजूषा संघात आहे. प्रश्न अर्धवट ऐकून बझर दाबणे हा आमच्या संघात पराक्रम समजला जातो. या स्पर्धेतील पाच गुणांचा दंड पाहता तो शहाणपणा आहे की अविचार?

उत्तर : दंड पाचाचा दिसतो, पण त्याची खरी किंमत बरीच जास्त असते. तुम्ही मध्येच थांबवून चुकलात, की सूत्रसंचालक तोच प्रश्न प्रतिस्पर्धी संघाला पूर्ण वाचून दाखवतो. आता तुमचा संघ त्या प्रश्नातून बाद झालेला असतो, त्यामुळे समोरच्यांना कसलीही घाई नसते. त्यांचे उत्तर चुकले तरी त्यांचे काही कापले जात नाही. आणि बरोबर आले, तर १० गुणांबरोबर तीन बोनसही त्यांच्याकडे जातात.

हा हिशेब सरळ मांडता येतो. समजा एक स्टार्टर आणि त्यामागचे दोन बरोबर बोनस मिळून २० गुणांचा ऐवज धरला. तुम्ही लवकर बझर दाबला आणि बरोबर आलात, तर २० गुणांनी पुढे जाता. चुकलात आणि पूर्ण प्रश्न ऐकल्यावर प्रतिस्पर्ध्याला उत्तर नक्की येणार असेल, तर २५ गुणांनी मागे पडता. प्रश्न संपेपर्यंत थांबलात, तर दोन्ही संघांना संधी सारखीच आहे असे मानू. या परिस्थितीत लवकर बझर दाबणे फायद्याचे ठरण्यासाठी तुमची खात्री सुमारे ५६ टक्के असायला हवी. प्रतिस्पर्ध्याला उत्तर येण्याची शक्यता निम्मीच असेल, तर ४३ टक्के खात्रीवरही धोका पत्करणे परवडते. याचा व्यवहारातला अर्थ असा की पराक्रम दाखवायचा तो समोरचा संघ ज्या विषयात कच्चा आहे त्या विषयात. त्यांच्याकडे एखादा रसायनशास्त्राचा संशोधक बसलेला असेल, तर रसायनाच्या प्रश्नात अर्धवट माहितीवर उडी घेणे हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

आकडेमोडीत न बसणारी एक गोष्ट प्रश्नांच्या घडणीत असते. एक नमुना पाहा. हा मी रचलेला आहे, पण ढंग त्या स्पर्धेतला आहे. ‘सुरुवातीला धूमकेतू समजला गेलेला आणि शोधकर्त्याने इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचे नाव देऊ केलेला…’ इथपर्यंत वाचन आले की खगोलशास्त्र थोडेफार वाचलेल्या कोणाच्याही डोक्यात विल्यम हर्शेल, १७८१ हे साल आणि युरेनस हा ग्रह एका ओळीत उभे राहतात. बोट बझरवर जाते. स्पर्धक ‘युरेनस’ म्हणतो, सूत्रसंचालक नकार देतो, ५ गुण जातात आणि प्रश्न पुढे वाचला जातो: ‘…त्या ग्रहाच्या सर्वांत मोठ्या उपग्रहाचे नाव काय?’ समोरच्या बाकावरून कोणीतरी शांतपणे ‘टायटानिया’ म्हणतो. पहिल्या स्पर्धकालाही टायटानिया ठाऊक असण्याची पुरेपूर शक्यता आहे. त्याने वर्णन ओळखले, पण विचारले काय जाणार आहे हे ऐकले नाही. अनुभवी खेळाडू म्हणूनच वर्णनापेक्षा वाक्याच्या रचनेकडे कान देतात. इंग्रजीत प्रश्नार्थक शब्द आधी आला, तर काय विचारले आहे ते आरंभीच कळते आणि लवकर दाबणे सुरक्षित असते. वर्णन आधी येऊन प्रश्न शेवटासाठी राखलेला असेल, तर क्रियापद येईपर्यंत बोट आवरलेले बरे. मराठीत प्रश्नार्थक शब्द बहुतेकदा शेवटीच येतो, त्यामुळे आपल्या भाषेतल्या स्पर्धांत हा संयम अधिकच लागतो.

प्रश्न : कर्णधाराचे काम फक्त उत्तर मोठ्याने सांगण्याचे असते का? पडद्यावर तरी तो शोभेचा वाटतो.

उत्तर : उलट, अटीतटीच्या सामन्यात सर्वांत जास्त निर्णय तोच घेत असतो, मात्र ते काम आवाज न करता होत असल्यामुळे दिसत नाही. बोनस प्रश्नाचे उत्तर कर्णधारानेच द्यायचे किंवा सहकाऱ्याचे नाव घेऊन त्याला ते देण्यास सांगायचे, असा नियम आहे. म्हणजे तिघांनी तीन वेगवेगळी उत्तरे कुजबुजली, तर त्यांतले कोणते निवडायचे याची जबाबदारी एका माणसावर येते, आणि त्यासाठी त्याला मिळणारा वेळ काही सेकंदांचा असतो.

पुढच्या वेळी बोनस चालू असताना चर्चेच्या शब्दांपेक्षा चेहऱ्यांकडे पाहा. कडेला बसलेला विद्यार्थी एक नाव पुटपुटतो, पण मान खाली घालून. त्याच्या शेजारची मुलगी दुसरे नाव ठासून सांगते. कर्णधार दोघांकडे पाहतो आणि पहिल्याला विचारतो, ‘नक्की?’ तो खांदे उडवतो. आता इथे ठासून सांगणारीचे उत्तर घेण्याचा मोह अनावर असतो. चांगला कर्णधार मात्र हे लक्षात ठेवून असतो की हा मुलगा नेहमीच हळू बोलतो आणि बहुधा बरोबर असतो, तर शेजारची मुलगी साहित्यात भक्कम असली तरी भूगोलात अंदाजाने बोलते. ही माहिती त्याला सामन्यात मिळत नाही. महिनोन्‌महिने सरावात एकमेकांना ऐकून ती जमा झालेली असते. ज्या संघात सर्वांत हुशार विद्यार्थ्यालाच कर्णधार केलेले असते, त्या संघात कधी कधी उलटेच होते: तो स्वतःच्या उत्तरावर इतका विसंबून राहतो की इतरांची कुजबुज त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

याला एक मोठा अपवाद सांगायला हवा. २००९ साली ऑक्सफर्डच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजची कर्णधार गेल ट्रिंबल हिने त्या हंगामातील आपल्या संघाचे बहुसंख्य गुण एकटीने मिळवून दिले होते, आणि तरीही बोनसच्या वेळी ती सहकाऱ्यांचे ऐकत असे. ती जितकी जाणकार होती तितकीच कर्णधार म्हणूनही चांगली होती, असे माझे मत आहे. दुर्दैवाने त्या वेळच्या ब्रिटिश वर्तमानपत्रांनी तिच्या कर्णधारपदापेक्षा तिच्या ‘अतिहुशारी’वरच अधिक शाई खर्च केली.

प्रश्न : त्याच २००९ च्या संघाचे विजेतेपद नंतर काढून घेण्यात आले, असे वाचले. ते गुणांतल्या चुकीमुळे का?

उत्तर : नाही, गुणांत काहीच चूक नव्हती. कॉर्पस क्रिस्टीने मँचेस्टरला २७५–१९० असे हरवले होते. मात्र त्या वेळी स्पर्धेचा हंगाम एका शैक्षणिक वर्षात सुरू होऊन पुढच्या वर्षात संपत असे, आणि स्पर्धकाने संपूर्ण काळ त्या संस्थेचा विद्यार्थी असावे अशी अट आहे. त्या संघातील एक सदस्य सुरुवातीच्या फेऱ्यांच्या वेळी विद्यार्थी होता, परंतु पुढच्या फेऱ्यांपर्यंत त्याचे शिक्षण संपून तो नोकरीला लागला होता. हे अंतिम सामना प्रसारित झाल्यानंतर उघड झाले आणि विजेतेपद मँचेस्टरला देण्यात आले. नियमानुसार निर्णय बरोबर होता. तरी मँचेस्टरच्या खेळाडूंना त्या करंडकाचा फारसा आनंद झाला असेल असे वाटत नाही.

प्रश्न : घंटा झाली तेव्हा दोन्ही संघांचे गुण सारखे असले तर काय करतात?

उत्तर : एक स्टार्टर विचारतात. जो संघ आधी बरोबर उत्तर देईल तो जिंकतो. कोणालाच उत्तर आले नाही तर आणखी एक विचारतात, आणि निकाल लागेपर्यंत हे चालू राहते. यातली भीषण अट अशी की प्रश्न मध्येच थांबवून चुकीचे उत्तर दिले, तर दंडामुळे तो संघ तिथेच हरतो. समोरच्यांना तोंडही उघडावे लागत नाही. वर बझरच्या घाईविषयी जो हिशेब मांडला तो या एका प्रश्नाला लागू पडत नाही. इथे चूक म्हणजे पराभवच.

प्रश्न : शेवटच्या दोन मिनिटांत मागे पडलेला संघ बोनस प्रश्नांना भराभर ‘पास’ म्हणत सुटतो. येणारे गुण असे सोडून देणे मला समजत नाही.

उत्तर : तुमच्यासारखीच शंका नव्या प्रेक्षकांपैकी अनेकांना येते, आणि ती विचार करण्याजोगी आहे. मागे पडलेल्या संघाकडे गुणांइतकीच वेळाचीही टंचाई असते. एका बोनसवर दहा सेकंद घालवून ५ गुण मिळण्याची अंधूक आशा धरायची, की तेच दहा सेकंद वाचवून पुढचा स्टार्टर पदरात पाडून घ्यायचा, ज्यामागे एकूण २५ गुण उभे आहेत? संघ ३० किंवा ४० गुणांनी मागे असेल तर दुसरा मार्ग उघडच बरा. म्हणून कर्णधार सहकाऱ्यांकडे एक नजर टाकतो, कोणाच्याही डोळ्यांत ओळख दिसली नाही की ‘पास’ म्हणून मोकळा होतो आणि सूत्रसंचालकही वाचनाचा वेग वाढवतो.

पण अंतर ५ किंवा १० गुणांचे असेल तर हे गणित बदलते, आणि तिथे मी अनेक संघांना घाईने चुकताना पाहिले आहे. १० गुणांनी मागे असताना हातात बोनसचा संच असेल, तर त्यातले दोन बरोबर आले की बरोबरी होते आणि तीनही आले की आघाडी मिळते. त्या वेळी ‘पास’ म्हणून नव्या स्टार्टरकडे धावणे म्हणजे हातातले सोडून पळत्याच्या पाठीमागे लागणे आहे, कारण नवा स्टार्टर प्रतिस्पर्धीही जिंकू शकतो. बोनस मात्र फक्त तुमचेच असतात. पुढे असलेल्या संघाला नेमके उलटे करावे लागते. त्याने चर्चेसाठी मिळणारा वेळ नियमात राहून पूर्ण वापरावा. सूत्रसंचालक ‘उत्तर द्या’ म्हणून टोचणी लावतो खरा. आधीचे सूत्रसंचालक जेरेमी पॅक्समन यांच्या काळात ती टोचणी चांगलीच बोचरी असे.

याच संदर्भात चित्रांच्या आणि संगीताच्या फेऱ्यांकडेही लक्ष द्या. चित्र दाखवून विचारलेल्या स्टार्टरला कोणालाच उत्तर आले नाही, तर त्याचे तीन बोनस रद्द होत नाहीत. ते राखून ठेवले जातात आणि पुढचा स्टार्टर जो जिंकेल त्याला दिले जातात. चित्रकलेत भक्कम असलेला एखादा संघ असा राखीव संच मिळवण्यासाठी पुढच्या स्टार्टरवर जरा जास्त धोका पत्करतो.

प्रश्न : ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांची कॉलेजे स्वतंत्र संघ पाठवतात, इतर विद्यापीठांना मात्र एकच संघ पाठवता येतो. हा अन्याय नाही का?

उत्तर : या आक्षेपाचे वय जवळजवळ कार्यक्रमाइतकेच आहे. कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला. त्याचे मूळ अमेरिकेतील ‘कॉलेज बोल’ या स्पर्धेत आहे. बँबर गॅसकॉइन यांनी १९८७ पर्यंत सूत्रसंचालन केले. काही वर्षांच्या खंडानंतर १९९४ मध्ये बीबीसीने तो पुन्हा सुरू केला. तेव्हापासून २०२३ पर्यंत पॅक्समन आणि त्यानंतर कोलकात्यात जन्मलेले अमोल राजन तो सादर करीत आहेत. एवढ्या सगळ्या काळात ही व्यवस्था कायम राहिली आहे.

१९७५ साली मँचेस्टर विद्यापीठाच्या संघाने तिचा निषेध अनोख्या पद्धतीने केला. त्या चौघांनी प्रश्न कोणताही असो, उत्तर म्हणून मार्क्स, लेनिन, ट्रॉट्स्की किंवा चे गव्हेरा यांपैकी एकाचे नाव घ्यायचा सपाटा लावला. त्यांचे म्हणणे असे होते की एका विद्यापीठाला कॉलेजागणिक दारे उघडी ठेवायची आणि दुसऱ्याला एकच दार, ही स्पर्धा नव्हे. मँचेस्टरला त्यानंतर बराच काळ या कार्यक्रमात स्थान मिळाले नाही.

दुसरी बाजूही आहे. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजमधील एखाद्या कॉलेजात काहीशे विद्यार्थी असतात, तर मँचेस्टरकडे हजारोंच्या संख्येतून चौघे निवडण्याची सोय असते. दोन्ही विद्यापीठांनी सर्व कॉलेजे मिळून एकेकच संघ पाठवला, तर तो संघ आजच्यापेक्षा फार बलाढ्य होईल आणि अंतिम सामने कदाचित इतके चुरशीचे राहणार नाहीत. म्हणून १९७५ च्या त्या विद्यार्थ्यांचा राग समजण्यासारखा असला, तरी असा उपाय त्यांच्याच संघाला महागात पडला असता असे मला वाटते. पुढे मँचेस्टरने २००६, २००९, २०१२ आणि २०१३ अशी चार विजेतेपदे मिळवली, ती याच नियमांखाली.

प्रश्न : या कार्यक्रमाची भारतीय आवृत्ती झाली होती का?

उत्तर : होय. सिद्धार्थ बसू यांनी सादर केलेली ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज इंडिया’ २००३ साली बीबीसी वर्ल्डवर सुरू झाली आणि तिच्या पहिल्या हंगामाचे विजेतेपद मुंबईच्या सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालयाने मिळवले.

प्रश्न : पाच गुणांनी हरलेल्या संघाच्या पदरात काहीच पडत नाही का? इतकी झुंज देऊन घरी जाणे अन्यायाचे वाटते.

उत्तर : ते फेरीवर अवलंबून आहे. पहिल्या फेरीत २८ संघ असतात आणि १४ सामने होतात. विजेते पुढे जातातच. शिवाय हरलेल्यांपैकी सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या चार संघांना आणखी एक संधी मिळते. ते चौघे आपसांत दोन सामने खेळतात आणि त्यांतले विजेते दुसऱ्या फेरीतील उरलेल्या दोन जागा घेतात. इथे एक बारकावा आहे. पुन्हा संधी मिळते ती कमी फरकाने हरलेल्याला नव्हे, तर जास्त गुण मिळवून हरलेल्याला. १२०–११५ असा पराभव झाला तर घरी जाण्याची वेळ येऊ शकते, पण २५०–१९० असा झाला तर पुढे जाण्याची आशा राहते. त्यामुळे पहिल्या फेरीत सामना हातातून गेला असे दिसल्यावरही शहाणा संघ ढिला पडत नाही; त्याची झुंज आता समोरच्या संघाशी नसून इतर सामन्यांत हरलेल्या, त्याने पाहिलेल्याही नसलेल्या संघांशी असते. शेवटच्या मिनिटातला एक साधा बोनसही तेव्हा मोलाचा ठरतो.

उपांत्यपूर्व फेरीत नियम निराळा आहे. तिथे उरलेल्या आठ संघांना उपांत्य फेरीत जाण्यासाठी दोन सामने जिंकावे लागतात आणि बाद होण्यासाठी दोन हरावे लागतात. एक पराभव माफ असतो. या पद्धतीमुळे हंगामात एकूण ३७ सामने होतात. काही प्रेक्षकांना हा लांबणीचा प्रकार वाटतो; मला तो आवडतो, कारण एका वाईट संध्याकाळी पाच गुणांनी घसरलेल्या चांगल्या संघाला त्यामुळे सावरता येते. दुसऱ्या फेरीत, उपांत्य सामन्यात आणि अंतिम सामन्यात मात्र अशी कोणतीही सवलत नाही. २००६ साली ट्रिनिटी हॉलला आणि २०२५ साली वॉरिकला उपविजेतेपदावरच समाधान मानावे लागले.